वडिलांचे दोन जबाब

माझी सरकारी नोकरी सुरू झाली ती लोकांना नोकरी नाही हे लिहून घेण्यापासून. पोलीस अ‍ॅक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं, आणि त्यानंतर थोड्याच काळात नव्या सरकारनं बेकारांची नावं नोंदवायला एक कचेरी उघडली. अफझलगंजला आमच्या गल्लीत अशी ठाम समजूत होती की त्या कचेरीत नोकऱ्या पोत्यात भरून ठेवलेल्या आहेत आणि मीच मेला पोत्याचं तोंड सोडत नाही. मी काय सोडणार? मी खालच्या पायरीचा कारकून. मला घेतलं ते एवढ्यासाठीच की मला जुन्या कागदांवरचं घसरतं उर्दू वाचता यायचं आणि इंग्रजी टाइप करता यायचं. जुने सगळे कागद उर्दूत होते आणि नव्या साहेबांना उर्दूचं अक्षर दिसलं की घाम फुटायचा.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच रांग बाहेर रस्त्यावर गेलेली असे. जुन्या राजवटीच्या मोडलेल्या फौजेतले लोक, छाटणी झालेले अहलकार म्हणजे जुने कारकून, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पोरं. उर्दूतून शिकून मॅट्रिक झालेली ही पोरं सरकारी नोकरीची स्वप्नं बघत होती, तोवर सरकारनंच भाषा बदलली. मी त्यांची नावं कार्डावर लिहायचो, वय, शिक्षण, काय येतं ते विचारायचो. ‘काय येतं?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘जो बोले सो करूंगा’ म्हणायचे. कार्डावर त्याला रकाना नव्हता. दिवसभर असं लिहून मी घरी जायचो, आणि घरी माझा सख्खा धाकटा भाऊ बेकार बसलेला असायचा.

अशात एक हुकूम आला. सिकंदराबादला रेल्वेचा कारखाना होता, तिथं बेकार सुशिक्षित तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचं सरकारनं ठरवलं. काही वर्षं मशीनवर उमेदवारी करायची, तोवर थोडं विद्यावेतन, आणि शिकून झालं की कायमची नोकरी. खरं सांगतो, तो हुकूम टाइप करताना माझी बोटं चुकत होती. अटी तीन होत्या. मॅट्रिक पास पाहिजे, एकविसाच्या आतला पाहिजे, आणि मुल्की असल्याचा दाखला पाहिजे.

मुल्की म्हणजे या मुलखातला. जुन्या राज्यापासूनचा हा नियम, की सरकारी जागा आधी इथल्या माणसांना. नव्या सरकारनंही तो ठेवला, कारण बाहेरून येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि इथली पोरं चिडली होती. नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या किती पिढ्या या शहरात गेल्या ते वडिलांनाही धड सांगता यायचं नाही. दाखला म्हणजे आमच्यासाठी नुसता तहसिलीत जाऊन यायचा हेलपाटा, असं आम्ही धरून चाललो होतो.

भावाबद्दल सांगायला पाहिजे. तो लहानपणापासून वस्तू उघडून बघणारा. घरातलं घड्याळ त्यानं उघडलं आणि ते पुन्हा लागलं नाही, त्यावरून खाल्लेला मार मला आठवतो. पण यंत्राचं खरं वेड त्याला लागलं बार्शीत. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचं ते भीतीचं वर्ष. शहरात रोज नव्या अफवा, हत्यारबंद टोळ्या गल्लीतून फिरायच्या, आणि पुष्कळ हिंदू घरं हद्दीपलीकडे नातेवाइकांकडे निघून गेली. माझ्या आईचं माहेर बार्शी, म्हणजे हद्दीपलीकडचं गाव. वडील, आई आणि भाऊ तिकडं गेले. मी एका व्यापाऱ्याकडे लिहायला होतो. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळायला मागं राहिलो. बार्शीत मामाच्या शेजारी कापसाच्या जिनाची यंत्रं दुरुस्त करणारं छोटं वर्कशॉप होतं. भाऊ दिवसभर तिथं लेथसमोर उभा. लोखंडाची कांब फिरतेय आणि तिच्यावरून चकचकीत साल निघतेय, हे तो मला पुढं इतक्यांदा सांगायचा की मी कंटाळून म्हणायचो, बाबा रे, आईनं काकडी सोलली तर तुला एवढं कौतुक वाटत नाही.

मॅट्रिकही तो त्याच वर्षी सोलापूरला झाला, आणि मराठीतून झाला. आमच्या घरात मराठीतून परीक्षा दिलेला तो पहिला. वडिलांनी बार्शीत पेढे वाटले होते.

वडील वकील होते. उर्दूचे वकील. त्यांची उर्दू ऐकायला दुसरे वकील हातातलं काम सोडून येत असं आई सांगायची, आणि आई उगाच कोणाचं कौतुक करणारी बाई नव्हती. पण नव्या राज्यात अदालतीची भाषा हळूहळू इंग्रजी झाली. वडिलांना इंग्रजी यायचं ते सही करण्यापुरतं. पक्षकार एकेक करून गेले. काळा कोट खुंटीला लागला. मग वडील ओसरीतल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारू लागले आणि प्रत्येकाला एकच हकिकत सांगू लागले: आपण ते राज्य कसं सोडून गेलो.

ही हकिकत मी इतक्यांदा ऐकलीय की तिची वाढ मला टप्प्याटप्प्यानं सांगता येईल. बार्शीहून परतल्यावर पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती एवढीच होती की गाडीला फार गर्दी होती आणि पाणी मिळालं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्यात एक अधिकारी आला, ज्याला वडिलांनी तोंडावर सुनावलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून पाणी नाकारलं होतं. या राज्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही अशी शपथ त्यांनी स्टेशनवर घेतली होती, असंही त्यात आलं. आई आतून ऐकायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. मला राग यायचा नाही. ज्याच्याकडं सांगायला दुसरं काही उरलेलं नाही, त्याला काय अडवायचं?

दाखल्यासाठी अर्ज केला तो तहसिलीतून शंका काढून परत आला. मुलाचा जन्म बार्शीचा, मॅट्रिक सोलापूरची, दोन्ही परमुलूख. मग हा मुल्की कसा? आई हे ऐकून थक्कच झाली. बाळंतपण माहेरी करायचं नाही तर कुठं करायचं? माझ्या वेळी बार्शीत प्लेग होता म्हणून मी इथं जन्मलो, एवढंच. म्हणजे प्लेगमुळे मी मुल्की आणि साथ नव्हती म्हणून माझा भाऊ परका. मी पुन्हा अर्ज केला, वडील इथलेच वकील असल्याचं लिहिलं. तेव्हा चौकशीचा हुकूम निघाला: घरी जाऊन जबाब घ्या, शेजारपाजारी विचारा.

चौकशीला पेशकार, म्हणजे तहसिलीतला कारकून, आला तो सुटीच्या दिवशी, म्हणून मी घरी होतो. जुन्या जमान्यातला वयस्क माणूस, शेरवानी कोपरावर झिजलेली, बोलणं मात्र लोण्यासारखं. बसला, आईनं आणलेला चहा घेतला, आणि कागद मांडीवर घेऊन वडिलांना म्हणाला, “वकीलसाब, दो बाताँ पूछना है, बस. आप लोगां हमेशा यहींच रहे ना?”

एका ‘हौ’नं काम झालं असतं. मी वडिलांकडं बघत होतो. पेशकाराच्या हातातली लेखणी बघून त्यांचा चेहरा बदलला. किती दिवसांनी कोणीतरी त्यांचं बोलणं लिहून घ्यायला बसलं होतं, आणि तेही उर्दूत. त्यांनी पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि अदालतीत मजकूर सांगावा तसं सांगायला सुरुवात केली. जुलमी राजवटीचा निषेध म्हणून आम्ही हा मुलूख सोडला. राजीखुशीनं सोडला. इथलं राहणं कायमचं तोडून हिंदुस्थानात गेलो. परतायचा इरादा नव्हता.

“बाबा,” मी म्हटलं.

“मध्ये बोलू नकोस.”

“बाबा, ते विचारतायत ते वेगळ्यासाठी.”

“मला जबाब कसा द्यायचा ते तू शिकवणार?” ते म्हणाले, आणि पेशकाराला पुढचं वाक्य सांगू लागले. नवं सरकार आपल्याला विचारतंय म्हणजे कोण आपल्या बाजूनं होतं हेच विचारतंय, असं त्यांना वाटलं. त्यात त्यांचं काय चुकलं? इतकी वर्षं सरकार जे विचारायचं त्याचा अर्थ तोच असायचा: तू कोणाचा? या वेळी पहिल्यांदाच त्यांच्याकडं मानानं द्यायला उत्तर होतं.

पेशकार लेखणी थांबवून एकदा म्हणाला, “ऐसाइच लिखूं?” बिचाऱ्यानं संधी दिली. वडील म्हणाले, “लफ्ज-ब-लफ्ज.” शब्द न् शब्द. मग वाचून दाखवायला लावलं, दोन ठिकाणी भाषा सुधारली, आणि झोकात सही ठोकली.

तिथून पेशकार शेजारी गेला. शेजारी एक जमादार राहायचे, जुन्या फौजेतले मुसलमान गृहस्थ. फौज मोडली तेव्हा ते आणि त्यांचा मुलगा एकाच दिवशी घरी बसले होते. मी त्या मुलाचंही कार्ड लिहिलेलं. त्या भीतीच्या वर्षात मी एकटा असताना जमादार रात्री आमच्या ओट्यावर खाट टाकून झोपत. त्यांना पेशकारानं विचारलं, हे लोक गेले होते का? जमादार खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, “गये थे. मगर भाबी जाते वखत ‘येतो’ बोले. ‘जातो’ नै बोले. मरेठे लोगां जिसकू वापस आना है वोइच ‘येतो’ बोलते.”

पेशकार म्हणाला, “जमादारसाब, वो तो सबीच बोलते.”

“सबी कायकू बोलते? मन में रहताइच आने का, तो बोलते.”

पेशकारानं ते लिहिलं की नाही मला माहीत नाही. आईला मात्र हे जमादारांच्या घरातून कळलं आणि ती पदर डोळ्याला लावून किती तरी वेळ चुलीपुढं बसली.

दाखला नाकारल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीत होतं: अर्जदाराच्या वडिलांनी राहणं कायमचं सोडल्याचं स्वतः कबूल केलं आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. वडिलांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, आणि काय झालं ते त्यांना तिथल्या तिथं कळलं. वकीलच ते. समोरच्या पक्षाचा साक्षीदार असं बोलला असता तर ह्याच वाक्यावर त्यांनी खटला जिंकला असता. भाऊ चप्पल घालून बाहेर गेला. मला त्या वेळी वडिलांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडं बघितलं तेव्हा तो राग कुठं ठेवावा तेच कळेना.

आई बाहेर आली. ती कधी त्यांच्या कामात तोंड घालायची नाही. त्या दिवशी म्हणाली, “मग आता खरं काय ते सांगून या.”

“काय खरं?”

“घाबरून गेलो होतो म्हणावं. गाडीत तुमचा हात थरथरत होता. मी धरून ठेवला होता. जादा किल्ल्या जमादारांकडं दिल्या, पोराला घरात ठेवलं, देव तसेच ठेवले. परत यायचं नसतं तर कोण देव ठेवून जातं?”

वडील जेवायला बसले आणि भात तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशीही ओसरीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कचेरीला निघालो तेव्हा मला थांबवून म्हणाले, “आज रजा काढ. लिहायला बस.”

दुसरा जबाब त्यांनी मला सांगितला आणि मी लिहिला. पहिल्याला फर्डी भाषा होती. हा चार ओळींचा. जिवाच्या भीतीनं बायको-मुलाला सासुरवाडीला नेलं. घर, देव आणि थोरला मुलगा इथंच होता. परतायचा इरादा पहिल्या दिवसापासून होता. ‘भीतीनं’ हा शब्द आला तिथं ते थांबले. मला वाटलं शब्द बदलतील. म्हणाले, “लिही. ‘खौफ’ लिही. साधा शब्द असू दे.”

आम्ही तहसिलीत गेलो. त्यांनी काळा कोट घातला होता. याच तहसिलीत त्यांना खुर्ची मिळायची. त्या दिवशी साक्षीदार म्हणून गेले, त्यामुळे उभं राहावं लागलं. पेशकार उठू लागला तर त्यांनीच हातानं त्याला बसायला सांगितलं.

पेशकारानं वाचलं. सावकाश वाचलं. मग खाली मान घालूनच म्हणाला, “वकीलसाब, पैला बयान भी आपका, दूसरा भी आपका. मैं कौनसा मानूं?”

“दुसरा.”

“तो पैला झूट?”

आसपास चार कारकून होते. वडिलांना ओळखणारे दोघे तरी होते. वडिलांनी कोटाचं बटण चाचपलं आणि म्हणाले, “हौ. झूट.”

परत येताना नदीच्या पुलावर ते थांबले. मला वाटलं दम लागला. मी हात धरायला गेलो तर म्हणाले, “नको. चालतोय मी.”

दुसरा जबाब नामंजूर झाला नाही, मंजूरही झाला नाही. ‘वर’ गेला. वर म्हणजे कुठं ते मी सरकारी नोकर असूनही मला नीट कळलं नाही. तहसिलीत विचारलं की वर, वर विचारलं की अजून खालून आलं नाही. मी रोज जेवणाच्या सुटीत जायचो. इकडं माझ्या कचेरीतून कारखान्याला नावं पाठवायचा दिवस जवळ येत होता. मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. साहेब मद्रासकडचे, नव्या राज्यात पाठवलेले, सज्जन माणूस. माझ्या भावाचं कार्ड दाखला येईपर्यंत यादीत धरून ठेवावं एवढीच विनंती मी केली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “मी स्वतः बाहेरचा. मी इथं बसलोय म्हणून बाहेर पोरं ओरडतायत. मीच विनादाखल्याचं नाव पाठवलं तर?” मग मला बसायला सांगून कॉफी मागवली. मी ती प्यालो. नाही म्हणणारा माणूस चांगला असला की फार पंचाईत होते, भांडताही येत नाही.

आणि पोरं खरंच ओरडत होती. बाहेरच्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या म्हणून शाळा-कॉलेजांतून मोर्चे निघत होते. एक मोर्चा अफझलगंजच्या पुलावरून गेला. संध्याकाळी भाऊ घरी आला तो घसा बसलेला. मी विचारलं, कुठं होतास? म्हणाला, “मोर्च्यात. ‘गैरमुल्की वापस जाव’ ओरडलो.” आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना, मलाही आवरेना. आई विचारत राहिली, काय झालं रे, काय झालं. कोणी सांगितलं नाही.

नावं गेली. त्यात त्याचं नव्हतं. त्यानंतर त्याला एकवीस पूर्ण झाली, आईनं ओवाळलं, उमेदवारीचं वय उलटलं, आणि माझ्या कचेरीतलं त्याचं कार्ड एका खणातून दुसऱ्या खणात गेलं. दाखला आला तो त्यानंतर. स्वच्छ, गोल शिक्क्यासह. त्याला घरी नेऊन काय करायचं? मी कचेरीतच ठेवून दिला.

भाऊ एक दिवस मला भेटायला कचेरीत आला, रांगेत उभा राहून. मी म्हटलं, आत का नाही आलास. म्हणाला, “दादा, कारखान्यात खलाशी घेतात का?” खलाशी म्हणजे रेल्वेत ओझी वाहणारा माणूस. लोखंड उतरवायचं, उचलायचं, मशीनपर्यंत न्यायचं. त्याला ना मॅट्रिक लागत होती ना दाखला. मी म्हटलं, तू मॅट्रिक पास आहेस. म्हणाला, “मशीन तरी दिसेल.” मी साहेबांना सांगितलं. या बाबतीत साहेब तत्पर निघाले, त्याच दिवशी चिठ्ठी दिली.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, “लागलो कारखान्यात.”

वडिलांचा घास हातातच राहिला. “मशीनवर?”

भावानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “हो. लेथवर. उमेदवार म्हणून.”

हे आमचं ठरलेलं नव्हतं. त्याच्या मनात आधीपासून होतं की वडिलांचा चेहरा बघून तोंडातून गेलं, मी कधी विचारलं नाही. आईला तर खरं काय ते कळायला दोन दिवस लागले. तिनं त्याचे कपडे धुवायला घेतले तेव्हा. तिनंही ते वडिलांपर्यंत जाऊ दिलं नाही.

वडील पुन्हा ओसरीत बसू लागले. आता हकिकत नवी होती. येणाऱ्याला सांगायचे, “मी भर तहसिलीत म्हटलं, भ्यालो होतो. लाज कसली? माणूस भितो. पण पोरगं मशीनवर लागलं की नाही?” जमादार येऊन बसायचे, मान हलवायचे. जमादारांचा मुलगा अजून बेकारच होता, तरी ते म्हणायचे, “अच्छा किये वकीलसाब. औलाद के वास्ते क्या शरम.” मी आत बसून ऐकायचो. बाहेर जाऊन काय सांगणार होतो? रोज मी शंभर पोरांना सांगायचो की जागा आली की कळवू, तिथं माझी जीभ कधी अडली नाही.

संध्याकाळी भाऊ आला की हातपाय धुवायच्या आधीच वडील विचारायचे, “मग, आज मशीनवर काय?” आणि भाऊ सांगायचा. दिवसभर ज्या पोरांच्या लेथपुढं तो लोखंड नेऊन टाकायचा, ती पोरं काय करत होती ते सगळं त्यानं डोळ्यांनी उचललेलं असायचं. आज आटे पाडायला शिकलो. आज उस्तादानं लेथच्या हत्याराला धार कशी लावायची ते दाखवलं. आज माझा एक तुकडा बिघडला, उस्ताद ओरडला. बिघडलेला तुकडासुद्धा दुसऱ्याचा. हे सांगताना त्याचा चेहरा इतका खुलायचा की मलासुद्धा क्षणभर खरं वाटायचं. वडील बारीक प्रश्न विचारायचे, तोही बारीक उत्तरं द्यायचा.

असे कितीतरी महिने गेले. एकदा भाऊ कामावरून आला आणि न जेवताच आडवा झाला. पाठ धरली होती. आई तेल कोमट करत होती. मी ओसरीत वडिलांजवळ बसलो होतो. ते आत बघत म्हणाले, “आज त्याला विचारलं नाही मी.”

“दमलाय. राहू द्या.”

मग त्यांनी आवाज खाली करून मला विचारलं, “तुमच्या कचेरीत माहीत असेल. खलाशाला एका वेळी किती वजन उचलायला लावतात रे?”

मी उठून कंदिलाची वात चढवायला लागलो.

“जन्मभर उलटतपासणी घेतली मी,” ते म्हणाले. “लेथवर काम करणाऱ्याचा सदरा खांद्यावर फाटत नाही.”

“केव्हापासून...”

“पहिल्या आठवड्यापासून.” ते आत बघतच होते. “त्याला बोलू नकोस. मी विचारायचा थांबलो तर त्याला कळेल मला कळलंय ते. तेवढा एकच वेळ असतो त्याला मशीनवर काम करायला.”

दुसऱ्या दिवशी भाऊ संध्याकाळी आला, ओट्याच्या पायरीवर बसून बूट काढू लागला. वडील बाकावर सरकून बसले आणि म्हणाले, “मग, आज मशीनवर काय?”

भावानं एक बूट हातात तसाच धरला आणि सांगायला लागला.